थंडावा कुणाचा, धग कुणाला?

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याची रड कशाला, असे कुणी विचारील. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला अंगावर शहारा येतो आहे, फराळाची ताटे फिरताहेत आणि हे मास्तर एप्रिल-मेच्या झळा घेऊन बसले! पण वाचकहो, व्यापाऱ्याचे पंचांग आपल्याहून वेगळे असते. एसीचा शिल्लक माल दिवाळीच्या सवलतीत निघतो, बोनसचे पैसे हातात खुळखुळत असतात, आणि पुढल्या वैशाखातली भांडणे आपण कार्तिकातच हप्त्याने विकत घेऊन ठेवतो. म्हणून हे आताच लिहितो आहे. मे महिन्यात लिहून उपयोग नसतो. तेव्हा घामाने माणसाची बुद्धी चालत नाही.

माझा रोख आहे तो चाकांवरच्या एसीवर. ‘पोर्टेबल’ असे त्याचे गोंडस नाव. भिंत फोडायला नको, मिस्त्री नको, घरमालकाची परवानगी नको. दुपारी बैठकीत, रात्री निजायच्या खोलीत, ढकलत न्यावा आणि गारव्यात बसावे, अशी त्याची जाहिरात. भाड्याच्या घरात राहणाऱ्या, बदलीच्या नोकरीतल्या, दोन खोल्यांत सहा माणसे सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनाच ती नेमकी भुरळ घालते. माझे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे यंत्र फसवा सौदा आहे. आणि आपल्या घरांच्या रचनेत तो एकाचा ताप दुसऱ्याच्या डोक्यावर ढकलण्याचा उद्योग आहे. पहिली गोष्ट पैशाची, दुसरी नीतीची. आणि मला राग दुसरीचा जास्त आहे.

मी कलबुर्गीचा. तुमच्यापैकी जुने लोक अजून गुलबर्गाच म्हणत असतील. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, त्याचे आम्हाला नवल नाही. इथल्या महाविद्यालयात तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, त्यामुळे उष्णतेशी माझे नाते घामापुरते नाही. म्हणून आधी थोडा शास्त्राचा हिशेब मांडतो. कंटाळू नका, पैसे तुमचेच आहेत.

थंडी नावाची वस्तू कुठलेच यंत्र तयार करीत नाही. ते उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकते, एवढेच. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली यंत्रणा आखली. तीही माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नव्हते, म्हणून. तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व तेच आहे. खोलीतली उष्णता बाहेर जाते आणि ती बाहेर काढण्यासाठी जी वीज जळते, तिचीही उष्णता बाहेर जाते. म्हणजे आत जेवढा गारवा, त्याहून जास्त धग बाहेर. हा निसर्गाचा कायदा आहे, आणि त्याला दिवाळीची सवलत नाही.

खिडकीतल्या एसीचा तापलेला पार्श्वभाग निदान घराबाहेर असतो. स्प्लिटचे तर धडच गच्चीवर किंवा भिंतीबाहेर टांगलेले असते. चाकांवरच्या एसीत मात्र सगळा संसार खोलीच्या आत. कॉम्प्रेसर आत, त्याची घरघर आत, तापणारी जाळी आत. ती जाळी गार ठेवायला खोलीतलीच हवा तिच्यावरून फिरवतात आणि हातभर जाडीच्या पाइपातून बाहेर फेकतात. आता विचार करा. खोलीतली हवा बाहेर फेकली, तर तिची जागा कोण घेणार? दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून, पंख्याच्या झरोक्यातून तेवढीच हवा आत घुसणार. कुठली? बाहेरची. एक्केचाळीस अंशांची!

आकडे घेऊ. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. आत हवा बाराशे घनफूट. असे यंत्र ताशी दहा हजार घनफुटांच्या आसपास हवा सहज बाहेर टाकते. म्हणजे तुमच्या खोलीतली सगळी हवा तासाला आठ वेळा बदलते, आणि दर वेळी बाहेरची तापलेली हवा आत येते. एक टनाचे यंत्र म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता उचलणारे. टन हा शब्दही बर्फावरून आलेला आहे: दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तिचे हे माप. खोली सत्तावीस अंशांवर ठेवायची आणि बाहेरून एक्केचाळीस अंशांची हवा घ्यायची, तर या घुसखोर हवेचीच उष्णता सव्वा किलोवॅटच्या वर जाते. एक तृतीयांशाहून अधिक कमाई दारातच लुटली गेली. शिवाय तो पाइप स्वतः तापतो आणि खोलीत शेगडीसारखा उभा राहतो, ते वेगळेच.

हे माझ्या मनचे नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१६ साली या यंत्रांच्या चाचणीची नवी पद्धत ठरवली आणि आत घुसणारी हवा व पाइपाची धग दोन्ही हिशेबात धरली. परिणाम असा की, जुन्या मापाने १४,००० बीटीयूची म्हणून मिरवणारी यंत्रे नव्या मापाने आठ-दहा हजारांवर येऊन बसली. दोन पाइपांची यंत्रेही असतात. त्यांत जाळी गार करायची हवा बाहेरूनच घेतात आणि बाहेरच सोडतात, म्हणून ही लूट बरीच कमी होते. पण आमच्या बाजारात तसले यंत्र मला कुणी दाखवले नाही. विचारले, तर ‘पाइप एकच पुरतो, सर’ असे उत्तर मिळाले.

याच नावाखाली दुसरी एक लबाडी चालते. उशाशी ठेवायची प्लास्टिकची पेटी, आत वाटीभर पाणी, एक चिमुकला पंखा, आणि वर नाव ‘मिनी एसी’. बर्फाचे खडे टाका म्हणे! वाचकहो, एक खूणगाठ बांधा. ज्याला बाहेर जाणारी नळी नाही आणि खिडकीबाहेर अंग नाही, तो एसी नव्हे. उष्णता बाहेर टाकायला वाटच नसेल, तर ती जाईल कुठे? तो फार तर लहानसा कूलर, आणि किंमत मात्र एसीच्या नावाची.

पैशाचा हिशेब इथे संपला. एखादा म्हणेल, मास्तर, माझे पैसे, माझी खोली, माझे बिल. तुमच्या पोटात का दुखते? दुखते, कारण तुमचा पाइप तुमच्या खोलीत संपत नाही.

माझा भाचा एका नव्या लेआउटमध्ये पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने असे यंत्र आणले. हेतू चांगला होता. घरात तान्हे मूल होते. यंत्राबरोबर खिडकीत बसवायची जी पट्टी येते, ती सरकत्या काचांच्या खिडकीसाठी केलेली असते. आपल्या खिडक्यांना बाहेर उघडणारी दारे, उभे गज आणि वर डासांची जाळी. पट्टी बसेना. पाइप जेमतेम पाच फूट, लांबवावा तर यंत्र गुदमरते. शेवटी दार किलकिले करून पाइपाचे तोंड मधल्या बोळात काढले. आणि त्या बोळात कुणाची बाज होती? आक्काची. माझी थोरली बहीण, वय एक्याऐंशी. घरात वाऱ्याची म्हणून जी एकच जागा होती, तिथे ती दुपारी पडत असे.

मी सवयीप्रमाणे खिशात तापमापक घेऊन गेलो होतो. बाहेर एक्केचाळीस. यंत्राच्या खोलीत तीस. स्वयंपाकघरात, जिथे सून गॅसपुढे भाकऱ्या थापत होती, एकोणचाळीस. आक्काच्या बाजेपाशी चव्वेचाळीस. मी तिला विचारले, ‘आक्का, त्रास होत नाही?’ ती म्हणाली, ‘बाळाला गार लागतंय न्हवं? मग होऊ दे.’ अशी उत्तरे द्यायला आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या शिकवलेले आहे, आणि ती उत्तरे ऐकून गप्प बसायला आपल्याला.

एकाच छपराखाली चौदा अंशांचा फरक! पूर्वी घरात सोवळ्याच्या रेषा असत, आता तापमानाच्या रेषा आल्या. आणि त्या कुठून कुठे जातात ते पाहा. गारव्यात कोण? कमावता माणूस, त्याचा दूरदर्शन संच, सुट्टीला आलेला पाहुणा. धगीत कोण? पोळपाटापुढची सून, बोळातली म्हातारी, धुणेभांड्याला येणारी बाई. ज्यांच्या जिवाला उन्हाचा खरा धोका, तेच दाराबाहेर.

धोका हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा एरवीच्या मे महिन्यांपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासाने दाखवले. बडोद्याच्या आपल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील. त्यानंतर २०१३ साली अहमदाबाद महापालिकेने उष्णतेशी लढण्याची योजना आखली. तशी आखणारे दक्षिण आशियातले ते पहिले शहर. उन्हाने माणूस मरतो तो गाजावाजा न करता. म्हातारे माणूस दुपारी झोपते, संध्याकाळी उठत नाही. दाखल्यावर हृदयविकार लिहितात. म्हणून घरातला गारवा कुणाच्या वाट्याला जातो, हा ऐषआरामाचा प्रश्न उरत नाही.

पुढची कथाही ऐका, कारण ती आपल्या सीमाभागाचीच आहे. आक्काचा त्रास पाहून भाच्याने पाइप मागच्या खिडकीत वळवला. मागे चार फुटांची मोकळी जागा आणि पलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठले आणि म्हणाल्या, ‘सर, निम्म मनी तंप, नम्म मनी बिसि.’ तुमचे घर गार, आमचे घर गरम. सहा शब्दांत त्यांनी कॅरियरसाहेबांचे सगळे शास्त्र सांगितले! पण त्यांचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही. आठवड्यात आवाज चढले. पंधरवड्यात पाइपाचा विषय मागे पडून ‘हे मराठी लोक असेच’ आणि ‘ही कानडी माणसं अशीच’ सुरू झाले. ज्या घरांतून बारा वर्षे होळिगे आणि पुरणपोळीची देवाणघेवाण होत होती, त्या घरांमध्ये हा संवाद! जून उजाडला, पाऊस पडला, यंत्र बंद झाले. भांडण ऐकू येईनासे झाले. ते मिटले असे मी म्हणणार नाही.

पाइपातल्या हवेला मातृभाषा नसते. मराठीत आपण धग म्हणतो, कानडीत धगे म्हणतात; भाजते सारखेच. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांनी हे अधिक जपायला हवे, कारण आपल्याकडे साध्या नळाच्या भांडणालाही भाषेचा रंग चढायला वेळ लागत नाही. ज्यांना असे रंग विकून पोट भरायचे आहे ते टपूनच असतात. त्यांच्या हाती आपण आपल्या खिडकीतून पाइप का द्यावा?

आता माझ्यावर होणारे आक्षेप. पहिला: मास्तर, तुम्हाला जुने वाडे, वाळ्याचे पडदे, गच्चीवरच्या बाजा आठवताहेत, काळ बदलला. बदलला हे खरे, आणि मी कुणाला वाड्यात परत चला म्हणत नाही. माळवदाच्या घरात दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर; दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत मध्यरात्र होई. आज डोक्यावर चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि आपण जेवायला बसलो की ओकू लागतो. रात्रीही गरम होत चालल्या आहेत. गच्चीवर झोपायची सोय प्रत्येकाला नाही, आणि बाईमाणसाला तर ती फारशी कधी नव्हतीच. त्या वाड्यांच्या माजघरात कोण घामेजत होते, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा यंत्र नको, असे माझे म्हणणे नाही. चुकीचे यंत्र नको, आणि त्याची धग माणसांवर नको.

दुसरा आक्षेप: भाडेकरूने काय करावे? घरमालक भिंतीला हात लावू देत नाही. बरोबर, म्हणून माझा राग घरमालकांवरही आहे. भाडे दर वर्षी वाढवता, मग छताला पांढरा थर का देत नाही? ऊन छतावरून उतरते, तेव्हा पहिला उपायही छतावरच हवा. चुन्यात थोडे फेविकॉल मिसळून दोन हात दिले, तरी खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, आणि खर्च त्या यंत्राच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. शेजारच्या तेलंगणने २०२३ साली गार छतांचे धोरणच जाहीर केले. आमच्या नगरपालिकांना घरपट्टीच्या पावतीपलीकडे छत दिसत नाही, त्याला काय म्हणावे? पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा ताटी लावायला कुठल्या घरमालकाची हरकत असते? बाहेरून म्हणतो, कारण आतला पडदा ऊन घरात घेऊन मग अडवतो.

तिसरा उपाय आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण त्यात प्रतिष्ठा नाही: कूलर. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. कलबुर्गी, सोलापूर, इंदूर, ग्वाल्हेर इथला एप्रिल-मे कोरडा असतो. एक्केचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या वाळ्याचा किंवा जाळीचा कूलर अठ्ठावीसच्या आसपास हवा देतो. खिडकी उघडी ठेवावी लागते, म्हणजे तो घराला कोंडत नाही. आठ तासांत वीज जाते सव्वा-दीड युनिट. चाकांवरचा एसी तेवढ्याच वेळात दहा युनिटे खातो. मात्र गोव्यात किंवा पावसाळी दमट हवेत कूलरचा उपयोग नाही, हेही सांगतो. आणि तो पाणी पितो. लहान कूलरला दिवसाला पन्नास-साठ लिटर लागतात. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत हा मोठा खर्च आहे. पण वीजही कोरडी येत नाही. कोळशाच्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा २०१५ साली केंद्राने घातली. त्या मर्यादेने धरले तरी दहा युनिटांमागे पस्तीस लिटर होतात. आमच्या रायचूरच्या वीजकेंद्राला ते पाणी कृष्णेतून जाते, एवढाच फरक.

आणि एसी घ्यायचाच असेल, तर जरूर घ्या. स्प्लिट घ्या, खिडकीचा घ्या. तारांकन पाहून घ्या. त्याची बाहेरची पेटी गच्चीवर न्या, कुणाच्या खिडकीसमोर टांगू नका. चोवीस अंशांवरून खाली आणू नका. २०२० पासून नव्या एसींचा पहिला आकडा चोवीसच ठेवण्याचा नियम झाला, तो उगीच नाही. त्याहून सव्वीस-सत्तावीस बरा, वर पंखा फिरता ठेवून. आणि सर्वांत महत्त्वाचे: तो कुणाच्या खोलीत बसवायचा, हे किमतीआधी ठरवा. घरात ऐंशीची आई असेल, तान्हे मूल असेल, दिवस गेलेली सून असेल, तर तो त्यांच्या खोलीत. दुपारी सगळ्या घराने तिथे येऊन बसावे. स्वयंपाक उन्हाच्या आधी उरकावा, आणि तो एकटीने उरकायचा नसतो, हेही यानिमित्ताने पुरुषांनी शिकून घ्यावे. धुणेभांड्याच्या बाईला दारातून तांब्याभर पाणी देऊन वाटेला लावू नका; घडीभर आत बसू द्या.

दुकानदार तुम्हाला टन विचारील, हप्ते विचारील, रंग विचारील. तो एक प्रश्न कधी विचारणार नाही, म्हणून तुम्हीच विचारा: याचा पाइप कुठे निघणार, आणि त्या टोकाला कोण राहते? उत्तर ‘बाहेर’ असे आले, तर मान डोलावू नका. आपल्या मुलखात बाहेर कुणी ना कुणी राहतेच.